बाउहाउसची चौदा पुस्तके : एका ग्रंथमालेचे संपादन

बाउहाउसच्या ग्रंथमालेची यादी प्रकाशनवर्षांसह कागदावर लिहून काढा. एक विसंगती लगेच नजरेत भरेल. अकरावे पुस्तक 1927 चे आहे, तेरावे 1928 चे आणि चौदावे 1929 चे. बारावे मात्र 1930 चे. म्हणजे मालेतले बारावे पुस्तक सर्वांत शेवटी बाहेर पडले आणि त्याच्यासाठी राखून ठेवलेला क्रमांक तोवर रिकामा राहिला. ही छपाईतली चूक नव्हे. मालिकेच्या संपादनाचे काम कसे चालते याचा तो एक पुरावा आहे. क्रमांक आधी ठरतात, पुस्तके सवडीने येतात आणि काही येतच नाहीत.

चित्रकला, डिझाइन किंवा वास्तुकला शिकताना या चौदांपैकी दोन-तीन पुस्तके तुम्हाला संदर्भग्रंथ म्हणून भेटतात. पॉल क्लेचे रेखाटनांचे छोटे पुस्तक आणि कांडिन्स्कीचे बिंदू, रेषा व प्रतल यांवरचे पुस्तक तर बहुतेकांच्या वाचनयादीत असते. पण आपण ती सुटी सुटी वाचतो. क्लेचे पुस्तक क्लेचे, कांडिन्स्कीचे कांडिन्स्कीचे. ती एका मालेतली आहेत, त्या मालेला दोन संपादक होते आणि कोणी लिहायचे, कोणाच्या शेजारी, कोणत्या भाषेत, किती चित्रांसह, हे त्या दोघांनी ठरवले होते, ही गोष्ट सहसा शिकवली जात नाही. या पाठात आपण तीच पाहणार आहोत.

आधी एका शब्दाचा खुलासा. ‘अवाँ-गार्द’ हा फ्रेंच शब्द मूळचा सैन्यातला : मुख्य फौजेच्या पुढे चालणारी तुकडी. कलेच्या संदर्भात मराठीत त्यासाठी ‘अग्रगामी’ हा शब्द वापरता येतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत युरोपात अशा पुष्कळ तुकड्या होत्या. हॉलंडमध्ये ‘द स्टाइल’ गट, रशियात सुप्रीमॅटिझम आणि कन्स्ट्रक्टिव्हिझम, इटलीत फ्युचरिझम, पॅरिसमध्ये क्युबिझम, झुरिक आणि बर्लिनमध्ये दादा. प्रत्येकाचे नियतकालिक होते, जाहीरनामा होता आणि बाकीच्यांशी भांडणही होते. यांतल्या बहुतेकांना एकाच फडताळात आणून बसवणे हे बाउहाउस ग्रंथमालेने अंगावर घेतलेले काम होते.

दोन संपादक

वास्तुकार वाल्टर ग्रोपियसने 1919 साली जर्मनीतल्या वायमार शहरात बाउहाउस ही शाळा सुरू केली. लास्लो मोहोली-नॉज हा हंगेरियन कलावंत तिथे 1923 साली शिक्षक म्हणून आला. योहानेस इटन शाळा सोडून गेल्यावर प्राथमिक अभ्यासक्रमाची आणि धातुकामाच्या कार्यशाळेची जबाबदारी त्याच्याकडे आली. तेव्हा तो अठ्ठावीसच्या आसपास होता. ग्रोपियस त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा, ओळखीपाळखीचा आणि सरकारदरबारी वजन असलेला माणूस. मालेवर संपादक म्हणून दोघांचीही नावे आहेत. संस्थेचा अधिकार एकाकडे होता, रोजची खटपट मुख्यतः दुसऱ्याकडे.

मोहोली-नॉज या कामात नवखा नव्हता. हंगेरीतून परागंदा झालेल्या कलावंतांचे ‘मॉ’ हे नियतकालिक व्हिएन्नाहून निघत असे. त्याचे बर्लिनमधले काम तो पाहत होता. 1922 मध्ये लायोश कॉशाक या कवी-संपादकाबरोबर त्याने नव्या कलावंतांविषयी एक चित्रसंग्रह काढला. त्यात चित्रे आणि शिल्पे होतीच, पण त्यांच्याबरोबर यंत्रे आणि पोलादी बांधकामेही होती. एका पानावर अमूर्त चित्र आणि त्याच ओघात यंत्राचे छायाचित्र ठेवले, की वाचकाच्या डोक्यात काहीतरी आपोआप जुळते, त्यासाठी वेगळे वाक्य लिहावे लागत नाही. हे तो त्या पुस्तकात शिकला असावा असे मला वाटते, कारण पुढे मालेत हीच युक्ती पुन्हा पुन्हा दिसते.

डिसेंबर 1923 मध्ये त्याने मॉस्कोला अलेक्सांद्र रोदचेन्कोला पत्र लिहिले. आपण त्या काळच्या प्रश्नांवर छोट्या पुस्तिकांची माला काढत आहोत, तुम्ही कन्स्ट्रक्टिव्हिझमवर लिहा, असा त्या पत्राचा आशय आहे. सोबत सुमारे तीस विषयांची यादी होती. पुढे कन्स्ट्रक्टिव्हिझमवरचे ते पुस्तक मालेत आले नाही. तरीही हे पत्र महत्त्वाचे आहे. पहिले पुस्तक बाहेर पडण्याच्या जवळजवळ दोन वर्षे आधी माला कागदावर तयार होती, हे त्यावरून कळते. संपादकाने लेखकांची वाट पाहिली नाही. त्याने आधी विषयांचा नकाशा काढला आणि मग एकेका जागेसाठी माणूस शोधायला निघाला.

पुस्तके 1924 मध्येच यायची होती. पण त्या वर्षीच्या निवडणुकीनंतर ठ्युरिंगेन प्रांताचे सरकार बदलले, शाळेचे अनुदान कापले गेले आणि 1925 साली बाउहाउसला वायमार सोडून देसाऊ या औद्योगिक शहरात जावे लागले. शाळेचेच बिऱ्हाड हललेले असताना पुस्तकांचे काय होणार? शेवटी म्यूनिकच्या आल्बेर्ट लांगेन प्रकाशनाने माला हाती घेतली. ही साहित्य छापणारी जुनी पेढी. ‘सिम्प्लिसिसिमुस’ हे व्यंगचित्रांचे गाजलेले साप्ताहिक तिच्याच संस्थापकाने सुरू केलेले. अग्रगामी कलेची माला एखाद्या अग्रगामी छापखान्यातून आली असेल असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तिच्या पाठीशी वितरणाची घडी बसलेला एक प्रस्थापित प्रकाशक होता. ही साधी व्यावहारिक गोष्ट इतिहास लिहिताना हमखास गळते.

पहिली आठ पुस्तके

1925 साली पहिली आठ पुस्तके एका हप्त्यात बाहेर आली. त्यांचा क्रम पाहण्याजोगा आहे.

पहिले ग्रोपियसचे ‘आंतरराष्ट्रीय वास्तुकला’. यात मजकूर अगदी थोडा आणि जवळजवळ सगळी छायाचित्रेच. दुसरे क्लेचे ‘शैक्षणिक रेखाटनवही’. तिसरे आडोल्फ मायरने संपादित केलेले, वायमारमध्ये 1923 साली उभारलेल्या प्रायोगिक घराविषयी. या घराची मूळ कल्पना गेओर्ग मूखे या चित्रकाराची. चौथे रंगमंचावर, त्यात ओस्कार श्लेमर, मोहोली-नॉज आणि फार्कास मोल्नार अशा तिघांचे लेख. पाचवे मोंद्रियानचे, सहावे टेओ व्हान डूसबर्गचे. सातवे बाउहाउसच्या कार्यशाळांतल्या नव्या वस्तूंविषयी. आठवे मोहोली-नॉजचे ‘चित्रकला, छायाचित्र, चित्रपट’.

म्हणजे वास्तू, मग रेषा, मग घर, मग नाट्य, मग दोन डच चित्रकार, मग खुर्च्या-दिवे-भांडी-कापड आणि शेवटी कॅमेरा. विषयवार लावायचे असते तर वास्तुकलेची दोन पुस्तके शेजारी आली असती आणि चित्रकलेची तीन एकत्र. तशी ती लावलेली नाहीत. घर बांधणे आणि रेषा काढणे ही एकाच शिक्षणाची अंगे आहेत, हा बाउहाउसचा मुख्य दावा या क्रमातच मांडला गेला आहे. प्रस्तावनेत असा दावा कोणीही करू शकतो. अनुक्रमणिकेत तो करायचा तर आठ पुस्तके एकदम हातात असावी लागतात. एकेक करून आठ वर्षांत आली असती, तर हा परिणाम साधला नसता.

पुस्तके एकसारखी मात्र नाहीत. क्लेचे पुस्तक जेमतेम पन्नास पानांचे आहे. ते त्याच्या वर्गातल्या व्याख्यानांच्या टिपणांतून आले. वाक्ये तुटक, बाजूला छोटी रेखाटने. आपण आज ‘लेक्चर नोट्स’ म्हणतो तसाच तो ऐवज आहे आणि संपादकांनी तो फुगवून ‘ग्रंथ’ बनवला नाही हे त्यांचे शहाणपण. उलट 1926 साली नवव्या क्रमांकावर आलेले कांडिन्स्कीचे पुस्तक जवळजवळ दोनशे पानांचे, आकृत्या आणि चित्रफलकांसह, शास्त्रीय प्रबंधाच्या थाटाचे. त्याची सुरुवातीची टिपणे 1914 सालची आहेत. एकाच मालेत, एकाच आकारात हे दोन्ही बसते. मालेचा आकार साधारण 18 बाय 23 सेंटिमीटर होता आणि तो शेवटपर्यंत तोच राहिला. आकार, क्रमांक आणि मालेचे नाव या तीन गोष्टी पक्क्या धरल्या, म्हणून बाकी सगळे सैल सोडता आले.

विरोधकांना छापणे

आता मालेतली खरी अवघड जागा. सहाव्या पुस्तकाचा लेखक व्हान डूसबर्ग बाउहाउसचा मित्र नव्हता. 1921 साली तो वायमारला येऊन राहिला, शाळेत शिक्षकाची जागा मिळावी अशी त्याची अपेक्षा होती आणि ती मिळाली नाही. मग 1922 मध्ये त्याने शाळेच्या बाहेर, त्याच गावात, ‘द स्टाइल’चा स्वतंत्र वर्ग चालवला. बाउहाउसचे विद्यार्थी तिकडे जाऊ लागले. शाळेवर भावुक अभिव्यक्तिवादाचा पगडा आहे, ही टीका तो उघडपणे करत असे. या माणसाचे पुस्तक ग्रोपियसने तीन वर्षांनी आपल्या मालेत घेतले.

त्याच्या आधीचे, पाचवे पुस्तक मोंद्रियानचे. हे दोघे एकाच गटाचे म्हणून ओळखले जात, पण माला निघाली त्याच सुमारास त्यांच्यात फाटत चालले होते. चित्रात तिरकी रेषा चालेल की फक्त आडवी आणि उभी, हा त्या मतभेदाचा एक भाग. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. आत असलेल्यांसाठी तो तत्त्वाचा प्रश्न होता. मालेत मात्र दोघे पाठीला पाठ लावून उभे आहेत.

मालेविचची गोष्ट याहून बोलकी आहे. काझिमिर मालेविच 1927 च्या वसंतात रशियातून बर्लिनला आला. त्या दौऱ्यात तो देसाऊलाही गेला. जूनमध्ये परतताना त्याने आपली चित्रे आणि हस्तलिखिते जर्मनीतच ठेवली. पुन्हा त्याला देशाबाहेर पडता आले नाही आणि 1935 मध्ये तो वारला. बाउहाउस मालेतले अकरावे पुस्तक ‘वस्तुविरहित जग’ हे त्याच 1927 सालचे. रशियनमधून ते आलेक्झांडर फॉन रीझेनने जर्मनमध्ये आणले. मालेविच कलेला उपयोगापासून पूर्णपणे मोकळी मानत होता. बाउहाउस त्या वर्षांत नेमके उलट्या दिशेने, कारखान्यात निघणाऱ्या उपयुक्त वस्तूंकडे चालले होते. संपादकांनी काय करावे? त्यांनी पुस्तकाच्या सुरुवातीलाच एक छोटे निवेदन घातले. हे पुस्तक प्रसिद्ध करताना आम्हाला आनंद होतो, मात्र मूलभूत प्रश्नांवर ते आमच्या भूमिकेपासून वेगळे आहे, असा त्याचा आशय.

ते निवेदन संपादनशास्त्राच्या कोणत्याही वर्गात वाचायला द्यावे अशा योग्यतेचे आहे. संपादकासमोर तीन वाटा होत्या. पुस्तक नाकारायचे, लेखकाला मजकूर मवाळ करायला सांगायचे, किंवा गुपचूप छापून मतभेद झाकायचा. त्यांनी चौथी वाट धरली. मजकूर लेखकाचा ठेवला, मतभेद आपल्या नावाने उघड लिहिला आणि पुस्तकाला मालेचा क्रमांक दिला. तेव्हा हा सौजन्याचा प्रश्न वाटला असेल. पण सोव्हिएत रशियात पुढच्या वर्षांत मालेविचच्या विचारांना जागा उरली नाही आणि त्याच्या हयातीत जर्मनीत निघालेले त्याचे हे एकमेव पुस्तक. संपादकांनी ‘आमच्या धोरणात बसत नाही’ म्हणून ते परत केले असते, तर पश्चिम युरोपातल्या दोन पिढ्यांना त्याचे विचार त्याच्या शब्दांत वाचायला मिळाले नसते.

भाषांतर हेही संपादनच

चौदांपैकी कितीतरी पुस्तके मुळात जर्मन नव्हती. डच, फ्रेंच, रशियन हस्तलिखितांवरून ती जर्मनमध्ये आली. मोंद्रियानचा एकच शब्द घ्या. डच भाषेत तो आपल्या विचाराला ‘नीवे बेल्डिंग’ म्हणत असे. ‘बेल्ड’ म्हणजे प्रतिमा, म्हणून ‘नवे प्रतिमा-घडवणे’ असा काहीसा अर्थ. 1920 मध्ये पॅरिसला त्याने फ्रेंच पुस्तिका काढली तेव्हा त्याचे ‘नेओ-प्लास्तिसिझ्म’ झाले. बाउहाउस मालेत ते ‘नॉये गेश्टाल्टुंग’ झाले. ‘गेश्टाल्टुंग’ म्हणजे आकार देणे, घडवणे, आणि हा बाउहाउसचा स्वतःचा लाडका शब्द. पाहा काय घडले ते. चित्रकाराचा शब्द शाळेच्या शब्दात विरघळला. वायमारचा विद्यार्थी तो वाचताना आपल्याच शिक्षकांचे म्हणणे ऐकतो आहे असे त्याला वाटले असणार. हे भाषांतर चुकीचे नाही. पण ते निष्पापही नाही.

इंग्रजीतून हाच विचार ‘निओ-प्लास्टिसिझम’ म्हणून आपल्याकडे येतो आणि ‘प्लास्टिक’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बादली येते. कलेच्या चर्चेत ‘प्लास्टिक’ म्हणजे घडवता येण्याजोगे, हे दरवर्षी वर्गात सांगावे लागते. मराठीत मी त्याला ‘नवघडण’ म्हणेन. तुमच्या भाषेत तुम्ही काय म्हणाल, ते ठरवून पाहा. ठरवताना तुम्ही नकळत एखादी बाजू घेता, हे तेव्हा ध्यानात येईल.

पानाची मांडणी

त्या काळात जर्मनीत पुष्कळ पुस्तके अजून फ्राक्टुर या टोकदार, गॉथिक वळणाच्या लिपीत छापली जात. बाउहाउस माला रोमन वळणाच्या टायपात आहे. परदेशी वाचकाला ती वाचता यावी हा त्यामागचा एक सरळ फायदा. बहुतेक पुस्तकांची मांडणी मोहोली-नॉजची. जाड काळ्या पट्ट्या, मोकळी पांढरी जागा, ठळक शब्द. काही पुस्तके मात्र दुसऱ्यांच्या हातची. कांडिन्स्कीच्या पुस्तकाची मांडणी हेर्बर्ट बायरने केली. देसाऊला आल्यावर शाळेने आपल्या पत्रव्यवहारातून मोठी अक्षरे काढून टाकली आणि फक्त लहान अक्षरांत लिहायला सुरुवात केली. पण कांडिन्स्कीच्या पुस्तकातला मजकूर नेहमीच्या जर्मन पद्धतीनेच जुळवलेला आहे, प्रत्येक नामाला मोठे अक्षर देऊन. शाळेचा नियम पुस्तकावर लादला गेला नाही. (देवनागरीत हा वादच उद्भवत नाही, हे आपले भाग्य.)

मांडणीच्या दृष्टीने सर्वांत विचारपूर्वक केलेले पुस्तक आठवे. मोहोली-नॉजने यात चित्रे मजकुरात पेरली नाहीत. आधी सगळा मजकूर, मग सगळी चित्रे. कारणही त्याने तिथेच दिले आहे : चित्रे सलग पाहिली की मजकुरातले प्रश्न डोळ्यांनाच उलगडतील. तिथे क्ष-किरणांनी टिपलेले छायाचित्र आहे, कॅमेऱ्याशिवाय थेट कागदावर प्रकाश पाडून केलेले फोटोग्राम आहेत, आकाशात उडणारे क्रौंच आहेत, विमानासारखे तरंगणारे झेपेलिन आहे. यांतली काही चित्रे कलावंतांनी केलेली, काही शास्त्रज्ञांनी आणि वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी. शेजारी शेजारी आल्यावर ती एकाच कुळातली वाटू लागतात. पुस्तकाच्या शेवटी ‘महानगराची गती’ या कधीच न निघालेल्या चित्रपटाची संहिता आहे आणि तिच्यात शब्द, रेषा व छायाचित्रे पानभर पसरून चित्रपटाची लय दाखवली आहे.

चित्रांना असे काम लावता येते, म्हणून त्यांच्याशी लबाडीही करता येते. त्याच दशकात पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिएने आपल्या लेखांसाठी ब्यूनॉस आयर्समधल्या धान्याच्या कोठाराचे छायाचित्र वापरले. ते त्याला ग्रोपियसकडून मिळाले होते. कोठाराच्या माथ्यावर जुन्या पद्धतीचे त्रिकोणी कठडे होते. ल कॉर्ब्युझिएने छापताना ते पुसून टाकले, म्हणजे इमारत जास्त ‘आधुनिक’ दिसावी. ‘नव्या वास्तुकलेकडे’ या त्याच्या 1923 च्या पुस्तकातून ते तसेच जगभर गेले. छायाचित्र पुरावा म्हणून छापायचे असेल तर त्यातले गैरसोयीचे भाग पुसायचे नाहीत, हा संपादनातला नियम त्या काळी पक्का झालेला नव्हता, असे फार तर म्हणता येईल.

न आलेली पुस्तके

मालेच्या माहितीपत्रकांत आगामी पुस्तकांची लांबलचक यादी छापली जात असे. दादावर त्रिस्तान त्झारा, फ्युचरिझमवर मारिनेत्ती, ‘मेर्झ’वर कुर्ट श्विटर्स. वास्तुकलेवर मीस व्हान डेर रोहे आणि ल कॉर्ब्युझिए. न्यूयॉर्कहून जेन हीप. संगीतावर जॉर्ज अँथाइल. यांतले एकही मालेत आले नाही.

या यादीकडे अपयश म्हणून पाहणे सोपे आहे. माझ्या मते ती छापील चौदा पुस्तकांइतकीच वाचनीय आहे. संपादकांच्या डोक्यातली माला संगीत, दादा आणि अमेरिका यांना सामावणारी होती. प्रत्यक्षातली माला चित्रकला आणि वास्तुकला यांकडे बरीच झुकली. आज आपल्याला ‘बाउहाउस’ म्हटले की जे शिस्तशीर, चौकोनी रूप आठवते, त्याला हा झुकाव थोडा कारणीभूत आहे. त्झारा आणि श्विटर्स आले असते तर फडताळात थोडा गोंधळ असता आणि तो हवा होता. 1928 मध्ये तेरावे पुस्तक म्हणून आले ते आल्बेर ग्लेझचे ‘क्युबिझम’. ग्लेझने याच विषयावर जाँ मेत्सांजेबरोबर 1912 मध्ये लिहिले होते. सोळा वर्षांनंतर क्युबिझम ‘अग्रगामी’ उरला नव्हता. माला आता स्वतःचे पूर्वज नोंदवू लागली होती.

1928 मध्येच ग्रोपियस आणि मोहोली-नॉज दोघांनीही शाळा सोडली. संपादन मात्र त्यांच्याकडेच राहिले. चौदावे पुस्तक, मोहोली-नॉजचे ‘पदार्थापासून वास्तुकलेकडे’, 1929 मध्ये आले आणि सुरुवातीला पाहिलेले बारावे, ग्रोपियसचे ‘देसाऊमधील बाउहाउस इमारती’, 1930 मध्ये. ज्या इमारतींचा तो प्रमुख होता त्यांच्यावरचे पुस्तक तो पदावर नसताना निघाले. 1933 मध्ये शाळाच बंद झाली.

नाव कोणाचे

चौदाही पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरची नावे पुरुषांची आहेत. पण पुस्तके घडवणाऱ्यांत लुसिया मोहोली होती. ती मोहोली-नॉजची पत्नी, छायाचित्रकार आणि त्याच्याशी लग्न करण्याआधीपासून जर्मन प्रकाशनसंस्थांत संपादकीय काम केलेली बाई. मोहोली-नॉजची मातृभाषा हंगेरियन. त्याचे जर्मन लेखन नीट वळणावर आणणे आणि मालेच्या मजकुरावरचे संपादकीय संस्कार, ही कामे तिने केली. अंधारखोलीतले प्रयोगही दोघांनी मिळून केले. आठव्या पुस्तकावर लेखक म्हणून एकट्या मोहोली-नॉजचे नाव आहे. कितीतरी वर्षांनी, 1972 मध्ये, तिने आपला या कामातला वाटा एका छोट्या पुस्तकात शांतपणे नोंदवला.

तिच्या छायाचित्रांचे पुढे काय झाले ते तर आणखी वाईट. देसाऊच्या इमारतींची आज आपण जी चित्रे पाहतो, त्यांतली पुष्कळ तिने काढलेली आहेत. 1933 मध्ये नाझी राजवटीतून घाईने निघताना तिला काचेच्या जड निगेटिव्ह बर्लिनमध्येच सोडाव्या लागल्या. त्या पुढे ग्रोपियसकडे पोहोचल्या आणि त्याच्याबरोबर अमेरिकेला गेल्या. 1938 मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने बाउहाउसवर मोठे प्रदर्शन आणि पुस्तक काढले. त्यात तिची छायाचित्रे तिच्या नावाशिवाय आली. आपल्या निगेटिव्ह शाबूत आहेत हे तिला युद्धानंतर कळले आणि 1950 च्या दशकात वकिलामार्फत भांडून तिने त्यांतल्या काही परत मिळवल्या. सगळ्या मिळाल्या नाहीत.

विरोधकाला सन्मानाने छापणारे संपादक आणि सहकारी बाईचे नाव न छापणारे संपादक ही तीच माणसे आहेत. एकाच्या मोठेपणाने दुसरी गोष्ट झाकू नये आणि दुसऱ्या गोष्टीने पहिली खोटी ठरते असेही नाही.

तुमच्या हातातली प्रत

भारतात बाउहाउस तसे लवकर पोहोचले. डिसेंबर 1922 मध्ये कलकत्त्याला इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात क्ले, कांडिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांची चित्रे लागली होती. म्हणजे मालेतले पहिले पुस्तक निघण्याच्या तीन वर्षे आधी. पुस्तके मात्र आपल्यापर्यंत मुख्यतः इंग्रजीतून आली. कांडिन्स्कीचे भाषांतर 1947 चे, क्लेचे 1953 चे, मालेविचचे 1959 चे. क्लेचे भाषांतर मोहोली-नॉजची दुसरी पत्नी सिबिल हिने केले. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट मदरवेलच्या संपादनाखाली 1944 पासून निघालेल्या आधुनिक कलेच्या दस्तऐवजांच्या मालेत मोंद्रियान आणि मोहोली-नॉज पुन्हा आले, पण वेगळ्या शेजाऱ्यांबरोबर. जर्मनीत हान्स विंग्लरने 1965 पासून ‘नवी बाउहाउस पुस्तके’ काढली. 2019 पासून झुरिकच्या लार्स म्युलर प्रकाशनाने काही पुस्तके मूळ मांडणीला धरून इंग्रजीत आणली आहेत.

स्वाध्याय म्हणून हे करा. तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात यांतले जे पुस्तक असेल ते घ्या आणि वाचायला लागण्यापूर्वी शीर्षकपृष्ठ व त्याच्या मागचे पान पाहा. मालेचे नाव आणि क्रमांक दिला आहे का? भाषांतरकाराचे नाव कुठे आणि किती लहान अक्षरांत आहे? चित्रे मूळ जागी आहेत की प्रकाशकाने सोयीसाठी हलवली आहेत? छायाचित्रांखाली कोणाचे नाव आहे? मग आपल्या भाषेत अशी सहा पुस्तकांची माला काढायची ठरवली, तर त्यात कोण असेल याची यादी करा. त्या यादीत तुम्हाला न पटणारे निदान एक नाव असावे आणि त्या पुस्तकासाठी संपादकीय निवेदनाच्या चार ओळी लिहून आणा.